बरडावरची मेंढी

देवरी तालुक्यात माझ्या वाट्याला आलेली जमीन दोन तऱ्हेची आहे. खाली बोडीच्या अंगाला धानाच्या बांध्या आणि वर, जंगलाच्या कडेला, बरड. खाली मोरांड माती आहे. तिथं धान होतो आणि धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाखोळी, जवस होते. वरच्या बरडात मुरूम उघडा पडलेला. माझे वडील तिथं कोदो-कुटकी पेरायचे. ते थकले आणि पेरणी बंद पडली. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर याच बरडावर मेंढ्या ठेवल्या. शेळ्यांच्या या जिल्ह्यात मेंढ्या कमीच, त्यामुळे आमगाव, सालेकसा, सडक अर्जुनीकडची तरुण पोरं त्या बघायला येतात.

त्यांच्यातला निदान एकजण तरी मोबाइल पुढं करतो. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र, अंगावर लोकरीच्या घड्याच घड्या असलेल्या मेंढ्यांचा कळप, मागं ओसाड लाल माती. "काका, मेरिनो आणाची म्हणतो. त्यायचीही जमीन आपल्या बरडासारखीच दिसते. काहून, आपल्याकडे होत नाही का?"

प्रश्न चांगला आहे. तो विचारणाऱ्या पोराला पडीक जमिनीतून काही उभं करायचं आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं. माझं उत्तर सरळ आहे. मेरिनो गोंदियात आणू नये. मेंढी मात्र जरूर पाळावी.

मेरिनो ही मूळची स्पेनची. तिची लोकर इतकी मोलाची की शतकानुशतकं स्पेननं ती जात देशाबाहेर जाऊ दिली नाही. अठराव्या शतकात ती बंदी सैल झाली, आणि १७९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केपमधून काही मेरिनो ऑस्ट्रेलियात पोचल्या. पुढं त्या देशाची संपत्ती बऱ्याच अंशी या मेंढीच्या पाठीवर उभी राहिली. मेरिनोचा धागा साधारण १७ ते २३ मायक्रॉन जाडीचा असतो आणि एका मेंढीपासून वर्षाला चार-पाच किलो लोकर निघते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर काळसर, राठ, धागा जवळजवळ दुप्पट जाड, आणि वर्षाला दोनदा कातरूनही मिळते ती अर्धा-पाऊण किलो. आकडे असे समोरासमोर ठेवले की कुणालाही मोह पडेल.

पण ऑस्ट्रेलियातली ती लाल माती कोरडी का आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. १८६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर यांनी दुष्काळात घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेघ ओढली. वर्षाला साधारण दहा इंच, म्हणजे अडीचशे मिलिमीटर पाऊस जिथं पडतो, तिथून ती जाते. रेघेच्या दक्षिणेला शेती करावी, उत्तरेला फक्त चराई, असं त्यांनी सांगितलं. पुढची काही वर्षं पाऊस बरा झाला. लोकांनी रेघ ओलांडून गहू पेरला, घरं बांधली. मग दुष्काळ आला आणि ती गावं ओस पडली. त्या दगडी घरांच्या भिंती आजही तिथं उभ्या आहेत. रेघेपलीकडे टिकली ती मेंढी. खारट झुडपं खात, मैलोन्‌मैल चालत, कोरड्या हवेत. मेरिनोला मानवते ती ही हवा.

आता आपल्याकडे या. गोंदियात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गॉयडरच्या रेघेच्या पाचपट. आपलं बरड नापीक आहे त्याचं कारण वेगळं. पाऊस भरपूर पडतो, पण मुरमात मातीचा थरच नाही, त्यामुळे पाणी थांबत नाही. आषाढ-श्रावणात पायाखाली चिखल, हवेत दमट उबारा, चिलटं आणि माश्या. फाल्गुनापासून तीच जमीन तव्यासारखी, मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. एकाच वर्षात दोन टोकं. नुसत्या कोरडेपणाशी मेरिनोनं जमवलं असतं. चार महिने भिजत राहणं तिला झेपत नाही.

याचं कारण तिच्या अंगावरच आहे. लोकरीचं क्षेत्र वाढावं म्हणून माणसानं मेरिनोत सुरकुतलेली कातडी निवडून निवडून वाढवली. त्या घड्यांमध्ये ओल अडकते, शेणामुताचा ओलावा शेपटीखाली साचतो, लोकर आतून कुजते. निळी माशी तिथं अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. कोरड्या ऑस्ट्रेलियातसुद्धा मेरिनो पाळणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. आपल्या दमट पावसाळ्यात तर हे रोजचं झालं असतं. शिवाय चिलटांमुळे पसरणारा नीलजिव्हा हा रोग आहेच. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये झाली ती महाराष्ट्रातच, आणि परदेशी रक्ताच्या मेंढ्यांना तो देशी मेंढ्यांपेक्षा जास्त मारतो. मग खुरं सडतात. मग बांधीतल्या गोगलगायींवाटे यकृतात जाणारे चापट कृमी. पावसाळ्यात फिरतीवर असताना मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं मी पुष्कळदा बघितलं आहे. पापणी खाली ओढली की आत लाल रंगाचा मागमूस नसतो. देशी मेंढीचे हे हाल, तर मेरिनोचं काय झालं असतं?

बारीक लोकरीचा प्रयत्न आपल्या देशात झालाच नाही, असं नाही. राजस्थानात अविकानगरला १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. तिथं चोकला, मालपुरा, जैसलमेरी, नाली या देशी मेंढ्यांशी मेरिनो आणि रॅम्बुलेचा संकर करून 'भारत मेरिनो' तयार केली गेली. ती आज कुठं आहे? तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरच्या थंड डोंगरावर. २०१९ च्या अखेरीस उत्तराखंडनं ऑस्ट्रेलियातून २४० मेरिनो आणल्या, त्याही हिमालयाच्या अंगाखांद्यावरच्या मेंढपाळांसाठी. थंड हवा मिळाली तिथं ती टिकली. मैदानी महाराष्ट्रात लोकरीसाठी मेंढी हा हिशेब आता दख्खनीच्या बाबतीतही जुळत नाही. माणदेशात, सांगोल्यात, जतमध्ये धनगर मेंढरं कातरतात ती त्यांचं अंग हलकं व्हावं म्हणून. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावाहून जास्त पडते. घोंगडी विणणारे हात कमी झाले आणि लोकरीचे ढीग पडून राहतात. मला याचं वाईट वाटतं. जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीचं घोंगडं ज्यानं पांघरलं आहे, त्यालाही वाटेल. पण बरडावर पोट भरायला निघालेल्या पोराला लोकरीचं स्वप्न दाखवणं मला बरोबर वाटत नाही. मेंढपाळाचा पैसा आज कोकरात आहे आणि लेंडीत आहे.

मेरिनोनं आपल्याला काहीच दिलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तिनं एका मोठ्या गोष्टीकडे बोट दाखवलं, आणि ती गोष्ट निघाली आपल्याच देशातली. हे मी पोरांना नेहमी सांगतो, कारण त्यात पुष्कळ शिकण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाची एक मेंढीवाडी होती, सिअर्स बंधूंची. मेरिनो एरवी एका वेताला एक कोकरू देते, कधीमधी दोन. या वाडीतल्या मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन, क्वचित त्याहून जास्त द्यायच्या. १९५८ मध्ये या बंधूंनी एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, भेट दिला. तो एकाच वेताच्या पाच कोकरांपैकी एक होता. हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेनं या कळपाचा अभ्यास चालवला. पुढं ध्यानात आलं की जास्त कोकरं होण्याचा हा गुण एकाच जनुकामुळे येतो. मग प्रश्न उरला, मेरिनोत हे जनुक आलं कुठून? जुनी कागदपत्रं चाळताना धागा कलकत्त्यापर्यंत पोचला. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजानं बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या होत्या. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी या जनुकातला नेमका बदल शोधून काढला. त्यानंतर सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं रक्त तपासलं, तर तिच्यात तोच बदल. आज हे जनुक 'फेक-बी' या नावानं ओळखलं जातं. ओडिशाच्या केंद्रापाडा मेंढीतही ते सापडलं आहे.

गरोल मेंढी म्हणजे दहा-चौदा किलोचं जनावर. सुंदरबनात खाऱ्या चिखलात उभी राहून चरते, पायाला पाणी लागलं तरी तिची खुरं सहजी सडत नाहीत. बंगालमधला गरीब शेतकरी ती अंगणात पाळतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या लोकरीच्या मेंढीत जुळ्यांचा गुण आला तो या खुज्या, दुर्लक्षित मेंढीकडून.

ही गोष्ट महाराष्ट्रात फलटणला येऊन पोचली. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. १९९० च्या दशकात या संस्थेनं बंगालमधून गरोल मेंढ्या आणल्या आणि डॉ. चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली दख्खनीशी त्यांचा संकर सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठ या कामात सोबत होतं, आणि पैसा ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन केंद्राकडून आला. बुरूला मेंढीचं ऋण असं फिरून परत आलं, असं मी मानतो. गरोलच्या पिलांना पुन्हा पुन्हा दख्खनीशी जोडत गेले. प्रत्येक पिढीत रक्ताचा नमुना तपासून जनुक आहे की नाही ते बघितलं. अंगलट दख्खनीची राहिली आणि जुळ्यांचा गुण गरोलचा आला. पश्चिम आशियातल्या अवासी मेंढीचं थोडं रक्त दुधासाठी मिसळलं, कारण दोन कोकरं झाली तर आईला दूधही तेवढं हवं. या मेंढीचं नाव 'नारी सुवर्णा'. दख्खनी मेंढी जवळजवळ नेहमी एकच कोकरू देते. जनुकाची एक प्रत असलेली सुवर्णा सरासरी दीडच्या आसपास देते. फलटण भागातल्या मेंढपाळांच्या चालत्या कळपांत ही मेंढी नांदली, आणि मला या साऱ्या कामात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. संस्थेच्या गोठ्यात यश मिळवणं सोपं असतं. उन्हात दिवसभर चालणाऱ्या कळपात जुळी जगवणं कठीण.

तरीही गोंदियाच्या पोराला मी सांगतो, जुळ्यांच्या मागं लगेच लागू नको. जुळी म्हणजे आईला खुराक, कोकराला वरचं दूध, घरात माणूस. पहिली दोन-तीन वर्षं एक कोकरू धड जगवायला शीक.

माझ्या बरडावरचं वर्ष सुरू होतं ते मे महिन्यात, लसीनं. पावसाची पहिली कोवळी हिरवळ मेंढी हावरटासारखी खाते, आतड्यात जिवाणू माजतात आणि संध्याकाळी ठणठणीत असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. हा आंत्रविषार. हिरवळ फुटायच्या आधी लस टोचली की तो टळतो. पीपीआरची आणि देवीची लस दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणं.

रात्रीचा निवारा मी जमिनीवर केला नाही. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. कंबरेएवढ्या उंचीवर बांबूच्या फाट्यांचं मचाण, दोन फाट्यांत बोटभर फट, वर छप्पर. लेंडी आणि मूत खाली पडतं, मेंढी कोरड्यावर बसते. खुरं सडणं कमी झालं ते बहुतेक या मचाणामुळे. पावसाळ्यात दारात मोरचुदाच्या पाण्याची उथळ कुंडी ठेवतो, मेंढ्या त्यातून चालत जातात. ते पाणी त्यांना पिऊ द्यायचं नाही, मोरचुदातलं तांबं मेंढीला फार लवकर विषारी ठरतं. त्यांना आधी साधं पाणी पाजायचं आणि मगच कुंडीतून न्यायचं. मचाणाला चारी बाजूंनी भक्कम कूडही हवा. नवेगाव-नागझिराचा जंगलपट्टा जवळ आहे आणि बिबट्याला मेंढी फार सोपी.

आषाढात मेंढा कळपात सोडतो. त्या वेळी गवत ताजं असतं, मेंढ्या अंग धरतात आणि माजावर येतात. गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणजे कोकरं मार्गशीर्षात होतात. पाऊस सरलेला, धान कापलेला, चिखल वाळलेला. बाकीच्या काळात मेंढा वेगळा बांधतो. भर पावसात जन्मलेलं कोकरू थंडीनं आणि जुलाबानं जातं, हे मी नोकरीत असताना गावोगाव बघत आलो.

धान निघाल्यावर बांध्या आणि धुरे चराईला मोकळे होतात. मात्र बोडीच्या काठचं, पाण्यालगतचं गवत मी चारत नाही. गोगलगायीतून निघालेले कृमी तिथंच गवताला चिकटून असतात. पाऊस सरल्यावर चापट कृमींचं औषध डॉक्टरांना विचारून पाजायचं. गिरणीतला कोंडा, लाखोळीचं कुटार, थोडी कणी हा जोड खुराक. बरडावर मी स्टायलो टाकला आहे. शेंगवर्गातलं हे झुडूपवजा गवत मुरमात रुजतं आणि इतर गवत वाळल्यावरही काही काळ हिरवं राहतं. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ. चैत्रात पहाटे मोहफुलं पडतात, मेंढ्या ती वेचून खातात. भर दुपारी चारत नाही. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर.

मेंढीचं मोल मला आणखी एका गोष्टीतून कळलं. हिवाळ्यात कच्छकडचे रबारी उंटांवर संसार लादून, मेंढ्यांचे मोठे कळप घेऊन विदर्भात फिरतात. शेतकरी त्यांना वाट अडवून थांबवतात आणि रात्रीपुरत्या शेतात मेंढ्या बसवून घेतात. बदल्यात धान्य देतात, पैसे देतात. ज्या बांधीत मेंढ्या बसल्या ती पुढच्या खरिपात ओळखू येते. आमची खतासाठीची भूक एवढी आहे की मेंढीच्या लेंडीला कधी गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. मचाणाखालची लेंडी मी स्वतःच्याच बांध्यांत टाकतो. खालच्या धानाला वरचं बरड असं उपयोगी पडतं.

मदतीच्या योजना आहेत. पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ राज्यभर प्रक्षेत्रं चालवतं, त्यातलं आपल्याला जवळचं रामटेक तालुक्यातलं बोंद्री. भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या कुटुंबांसाठी २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. तीत २० मेंढ्या आणि एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या प्रजनन गटासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे. पण अनुदानाच्या आकड्याकडे बघून कळपाचा आकार ठरवू नये. आपल्या बरडावर उन्हाळ्यात किती तोंडांना चारा पुरतो, तेवढाच कळप ठेवावा. जास्त मेंढ्या सोडल्या तर उरलीसुरली मातीही खुरांखाली निघून जाते. मग ते बरड मेंढीलाही उपयोगाचं राहत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनो, एवढं करा. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि मे महिन्यातल्या लसीची तारीख विचारून घ्या. पावसाळ्याआधी मचाण बांधा. मेंढ्या जूनमध्ये विकत घेऊ नका. दूरच्या बाजारातूनही आणू नका. दिवाळीनंतर, आपल्याच पावसात वाढलेल्या कळपातल्या दहा-पंधरा मेंढ्या घ्या, आणि एक पावसाळा त्यांना सुखरूप पार करून दाखवल्याशिवाय अकरावी-सोळावी विकत घेऊ नका.